तुंबलेली मोरी आणि जम्बो जेट

उडत्या विमानातली वीज गेली तर काय होतं? ७ जानेवारी २००८ ला लंडनहून बँकॉकला येणाऱ्या क्वांटासच्या ७४७-४०० विमानात नेमकं हेच झालं. आत ३६५ माणसं. विमान उतरायला लागलं होतं, आणि तेवढ्यात पुढच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, पाणीच पाणी झालं. थोड्या वेळाने चारपैकी तीन मुख्य वीजवाहिन्या बंद. चौथी चालू होती, पण तिची वीज बाकीच्यांना पोचेना. दळणवळणाची, दिशादर्शनाची, इशारे देणारी कितीतरी यंत्रं मान टाकू लागली. उरल्या बॅटऱ्या. त्यांचं चार्जिंगही थांबलेलं, आणि हमी साधारण ३० मिनिटांची.

बँकॉक जवळ होतं, दिवसाउजेडीची वेळ होती. विमान सुखरूप उतरलं. जमिनीपासून ३० मिनिटांहून लांब असतं तर? मला तर विचारही करवत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पाण्याचा माग काढला. गॅलीच्या मोरीचा पाइप बर्फाने तुंबला होता. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून त्या पाइपाला गरम ठेवणारा हीटर असतो. तो चालत नव्हता. पाणी तुंबलं, वर आलं, जमिनीवर पसरलं आणि फटींतून खाली उतरलं. खाली काय? तर विमानाची विजेची खोली! तिच्यावर पागोळ्या अडवायला एक छत असतं, पण ते तडकलेलं. पाणी थेट जनरेटर सांभाळणाऱ्या डब्यांमध्ये.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा!) चार इंजिनं, चार जनरेटर. एक गेला तर दुसरा आहे, दुसरा गेला तर तिसरा. कागदावर भक्कम हिशोब. पण चौघांचे डबे एकाच खोलीत, आणि डोक्यावर एकच स्वयंपाकघर. चार दारं असलेल्या वाड्याच्या चारही किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं की हे! माझ्या मते खरा दोष तिथेच होता. हीटर काय, कधीतरी बिघडणारच. आणि ते छत? ते म्हणजे साधं आच्छादन, विजेचं यंत्र नव्हेच, मग त्याच्या तड्याकडे कोण डोळे बारीक करून बघणार?

पुढे अमेरिकेच्या विमान नियामकाने ७४७-४०० मधली ही छतं आणि पाण्याच्या वाटा नीट करण्याचे आदेश काढले.