दहापैकी दहा... मग पुढे?

आमच्या कन्यारत्नाला (वय वर्षे आठ) दर शुक्रवारी डिक्टेशनमध्ये दहापैकी दहा मिळतात. आनंदच आहे. पण परवा वहीच्या मागच्या पानावर 'बोरिंग' हा शब्द चौदा वेळा लिहिलेला सापडला. अर्थात स्पेलिंग अचूक! शाळेचा उपाय काय, तर तिला आणखी दहा शब्द द्या. म्हटलं, ज्या देशाने स्पेलिंगचा चक्क खेळ केला, त्याने अशा पोरांचं काय केलं ते तरी बघू.

अमेरिकेत नोआ वेबस्टरचं स्पेलर आलं १७८३ साली. पुढे त्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पद्धत एकच, शब्दाचे तुकडे पाडा आणि मोठ्याने घोका. त्यातूनच गावोगावी चढाओढी सुरू झाल्या. १९२५ मध्ये नऊ वर्तमानपत्रांनी मिळून राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि फ्रँक न्यूहाउसर हा ११ वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस'वर जिंकला. आजची स्क्रिप्स स्पेलिंग बी ती हीच. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. २०१९ मध्ये तर आठ जण संयुक्त विजेते, त्यातले सात आपले!

इथवर वाचून मी जाडजूड डिक्शनरी मागवायच्या बेतात होतो. (बापाचं मन, दुसरं काय!) तेवढ्यात २००७ चा विजेता इव्हान ओडॉर्नी भेटला. जिंकल्यावर पठ्ठ्या सरळ म्हणाला की मला गणित आणि संगीत जास्त आवडतं, स्पेलिंग म्हणजे नुसतं पाठांतर. पुढे त्याने गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे एखादी गोष्ट सोपी जाते म्हणून ती आवडतेच असं नाही. डिक्शनरी रद्द.

पण 'नुसतं पाठांतर' हे मला काही पटलं नाही. त्या स्पर्धेत मुलं शब्दाचा अर्थ विचारतात, तो कुठल्या भाषेतून आला ते विचारतात. उगाच नाही विचारत. शब्द ग्रीक असेल तर 'फ' बहुधा पी-एच, फ्रेंच असेल तर 'श' बहुधा सी-एच. वेबस्टरच्या घोकंपट्टीपासून गाडी इथपर्यंत आलीये, आणि मला खरा रस आहे तो इथे.

त्या रात्री जेवताना लेकीला विचारलं, "गूजचं अनेकवचन गीज, मग मंगूजचं?"

"मंगीज!"

"चूक."

दहापैकी दहावालीचा घास हातातच राहिला. मग सांगितलं की मंगूजचा त्या गूजशी काही संबंध नाही. तो इंग्रजीत गेलाय आपल्या मुंगूसावरून, म्हणून मंगूजेस. "म्हणजे आजी म्हणते तेच मुंगूस?" तेच.

कालपासून घरातला प्रत्येक शब्द "हा कुठून आला?" म्हणून माझ्याकडे येतोय. 'बटाटा'पाशी मी अडकलोय.