कोंबडीच्या पिल्लांची रात्र

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण आपण वर्गात अनेकदा वापरतो. तिचा अर्थ मुलांना ठाऊक असतो. पण कोंबडे मुळात झाकायचेच कशाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या म्हणीत खेड्यातला एक रोजचा रिवाज नोंदला गेला आहे. दिवस मावळला की कोंबड्या डालायच्या, म्हणजे डालग्याखाली किंवा खुराड्यात कोंडायच्या, आणि उजाडल्यावर सोडायच्या. पिल्लांची कोंबडी असेल तर हे काम एक दिवसही चुकवून चालत नाही. या रिवाजाचा इतिहास मोठा आहे आणि त्याची सुरुवात कोंबडीच्या डोळ्यापासून होते.

अंधारातले डोळे

दिवसा भित्री आणि चपळ असणारी कोंबडी रात्री हाताने सहज उचलता येते. ती पळत नाही, कारण तिला फारसे दिसतच नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी मंद उजेडात उपयोगी पडतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स शुल्झ यांनी १८६६ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांचे डोळे तपासून या कामाच्या वाटणीची कल्पना मांडली. घुबडासारख्या निशाचरांत दंडपेशींचे राज्य, तर दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांत शंकूपेशींचे. कोंबडी या दुसऱ्या गटातली. तिची रंगदृष्टी आपल्याहून सरस आहे. तिला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही काही प्रमाणात दिसतो. पण सूर्य मावळला की हे वैभव संपते.

तिचे शत्रू मात्र रात्रीचेच राजे. मांजर आणि कोल्हा यांच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधूक उजेडही त्यांना पुरतो. घूस वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर वाट काढते. साप जिभेने वास टिपतो.

रानातला तोडगा

पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडी. ती संध्याकाळी झाडावर चढते आणि फांदीवर रात्र काढते. दिसत नसेल तर निदान शत्रूच्या वाटेवर तरी बसू नये, असा हा साधा उपाय.

पण पिल्लांचे काय? त्यांना फांदीपर्यंत उडता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. बाहेरून सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब मिळाली तरच ती तगतात. म्हणून पिल्लांची आई झाड सोडते. पहिले काही आठवडे ती दाट झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच बसते आणि पिल्लांना पंखाखाली घेते. पिल्ले फडफडत वर चढू लागली की सगळे कुटुंब फांदीवर जाते. वर्षभरातील सर्वांत धोक्याच्या रात्री ही मादी आपल्या पिल्लांसाठी जमिनीवर काढते.

येथे आई तीन कामे करते हे लक्षात ठेवू या: ऊब देणे, लपवणे आणि धोक्याची सूचना देणे. पुढचा सारा इतिहास ही कामे माणसाने कशी स्वतःकडे घेतली याचा आहे.

दाण्याच्या मागे

२०२२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने ८९ देशांतील सहाशेहून अधिक स्थळांवर सापडलेल्या कोंबड्यांच्या अवशेषांचा आढावा प्रसिद्ध केला. नक्की पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे त्यांना मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथे आढळली. त्यांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. कोरडवाहू भात आणि राळ्या-वरीसारखी धान्ये पिकू लागली तेव्हा त्या दाण्यांमागे रानकोंबडी माणसाच्या वस्तीजवळ आली असावी, असे या संशोधकांचे मत आहे.

पण दाण्याला भुलणारी कोंबडी एकटी नव्हती. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे मांजर आणि साप. पोट भरण्याची सोय झाली, तशी रात्रही अधिक अवघड झाली. दाट झुडपाची जागा आता माणसाने भरून काढायची होती.

रोमन खुराडे

ही जागा कशी भरावी याच्या तपशीलवार लेखी सूचना रोमन शेतीग्रंथांत मिळतात. व्हॅरोने इ.स.पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात कोंबड्यांच्या खोल्यांची मापे दिली आहेत: लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट. खिडकीला वेताच्या बारीक फांद्यांची जाळी करावी. तिच्यातून उजेड भरपूर यावा, पण कोंबड्यांना इजा करणारे काहीही आत शिरू नये. उजेड आणि वाऱ्याला वाट, शत्रूला अटकाव; जाळीचे तत्त्व दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने सांगितले गेले होते.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या लेखकाने खुराड्याच्या भिंतींना आतून-बाहेरून गिलावा करायला सांगितले. कारण स्पष्ट दिले: मांजर आणि साप यांना वाट मिळू नये. एका कोंबडीकडे तीसपेक्षा जास्त पिल्ले देऊ नयेत, असेही तो बजावतो. तीस ही एका आईची मर्यादा.

याच कोलुमेलाने आणखी एक उपाय सांगितला आहे. सापाच्या श्वासाने पिल्ले मरतात, म्हणून हरणाचे शिंग किंवा बाईचे केस जाळून धूर करावा! एकाच ग्रंथात गिलावाही आहे आणि केसांचा धूरही. गिलावा का उपयोगी पडतो हे आपण सांगू शकतो: भोक बुजले, वाट बंद झाली. धुराचे तसे सांगता येत नाही. वरिष्ठ विद्यार्थ्यांपुढे हे दोन्ही उपाय ठेवावेत आणि धुराचा दावा तपासायचा तर प्रयोग कसा मांडाल, असे विचारावे.

आईशिवाय पिल्ले

तीसची मर्यादा मोडायची तर आईशिवाय अंडी उबवावी लागणार. इजिप्तमध्ये ही कला फार जुनी. तेथे अंडी खताच्या ढिगात उबवतात, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. नंतर तेथे हजारो अंडी मावतील अशा भट्ट्या चालत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी या विषयाचा अभ्यास करून १७४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्ले बाहेर आल्यावर त्यांना ऊब हवी, म्हणून त्यांनी ‘कृत्रिम आई’ बनवली: आतून मेंढीचे लोकरी कातडे लावलेली, उतरत्या झाकणाची पेटी. लहान पिल्लू सखल बाजूला आणि मोठे उंच बाजूला शिरून पाठीला लोकरीचा स्पर्श घेई. पुढे १८७९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस यांनी उबवणी यंत्र तयार केले आणि ते गाव कोंबडीपालनाचे मोठे केंद्र बनले.

ऊब देण्याचे काम यंत्राने उचलले. पण पेटी किंवा दिवा शत्रूची चाहूल घेत नाही, पिल्लांना हाकही मारत नाही. आई नसलेल्या शेकडो पिल्लांच्या खोलीत एक घूस शिरली तर तिला अडवणारे कोणी नसते. म्हणून ऊब जितकी यांत्रिक झाली, तितके भिंतीला आणि जाळीला महत्त्व आले.

जाळीची भोके

१८४४ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे चार्ल्स बार्नार्ड यांनी तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले. नॉरिच हे विणकरांचे गाव. कापडाच्या मागाची कल्पनाच त्यांनी तारेला लावली. षटकोनी भोकांची ही जाळी ‘कोंबडीजाळी’ म्हणून जगभर गेली. शेजारच्या तारांना पीळ दिलेला असल्याने ती हलकी असून एका जागी तुटली तरी सगळी उसवत नाही.

मात्र या जाळीने एक गैरसमजही पसरवला. ती कोंबड्यांना आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवतेच असे नाही. तार बारीक असल्याने दणकट जनावर ती फाडते. मोठ्या भोकांतून उंदीर, साप आत येतात आणि पिल्ले स्वतःच बाहेर पडतात. म्हणून पिल्लांच्या खुराड्याला सुमारे अर्ध्या इंचाची, सांधे पक्के जोडलेली जाड तारेची जाळी लावतात आणि तिची कड जमिनीत पुरतात, म्हणजे उकरून येणाऱ्याची वाटही बंद होते.

मग शत्रूच का संपवू नये? जमैकाचा अनुभव येथे आठवावा. १८७२ मध्ये तेथील उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेण्यात आली. मुंगूस दिवसा हिंडते, उंदीर मुख्यतः रात्री. काही काळ उंदीर घटले, पण मुंगसांची संख्या बेसुमार वाढली आणि ती कोंबड्यांवर व स्थानिक प्राण्यांवर तुटून पडली. बंद केलेले भोक असा उलट डाव टाकत नाही. शिवाय उंदीर खाणारे रानमांजर आणि धामण शेताला हवेच असतात.

आपल्या गावात अनेक घरी दहा-वीस कोंबड्या असतात आणि त्यांचा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतो. एका रात्रीत गेलेली पिल्ले म्हणजे तिची काही महिन्यांची कमाई. विद्यार्थ्यांना फूटपट्टी देऊन गावातली खुराडी पाहायला पाठवावे. सर्वांत मोठी फट किती? जाळीचे भोक किती? दार कोण आणि केव्हा लावते? या नोंदी फळ्यावर मांडल्या की व्हॅरोची वेताची जाळी आणि आजीचे डालगे एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत, हे मुलांना सांगावे लागणार नाही. आणि जी फट सापडेल ती बुजवून दिली, तर त्या घरची पिल्ले वाचतील.