सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी बागेला जाताय? मग हागिवारा कुटुंबाची गोष्ट माहीत हवी

सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलेल्यांच्या फोटोंमध्ये एक लाकडी पूल हमखास दिसतो. अर्धगोल आणि इतका उभा, की त्यावर चालता येत नाही, चढावंच लागतं. खालच्या पाण्यात प्रतिबिंब पडलं की पूर्ण गोल दिसतो.

हा पूल आहे गोल्डन गेट पार्कमधल्या 'जपानी टी गार्डन'मध्ये. साधारण पाच एकरांच्या या बागेत पाच मजली पॅगोडा आहे, रंगीत कोई माशांची तळी आहेत आणि बसून चहा प्यायला टी हाऊस आहे. चेरीचा बहर बघायचा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा.

आता मुद्द्याचं. ही बाग वाढवली कुणी?

१८९४ मध्ये या पार्कात मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात एक जपानी गावही उभारलं होतं. प्रदर्शन संपल्यावर माकोतो हागिवारा या जपानी माळ्याने तिथे कायमची बाग करायचं ठरवलं. जेमतेम एकरभर जागा होती, ती त्याने वाढवत नेली. झाडं, मासे, शोभेच्या वस्तू जपानहून आणल्या, त्यात स्वतःचा पैसाही घातला. मधली काही वर्षं सोडली तर हे कुटुंब बागेतच राहायचं. १९२५ मध्ये माकोतो गेला आणि त्याच्या मुलीने कारभार हातात घेतला.

मग दुसरं महायुद्ध आलं. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली. त्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांमध्ये डांबण्यात आलं. यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. हागिवारा कुटुंबालाही बाग सोडावी लागली.

त्यांचं घर पाडलं गेलं. बागेच्या नावातला 'जपानी' शब्द काढून 'ओरिएंटल टी गार्डन' असं नाव दिलं. जुनं नाव परत यायला १९५२ साल उजाडलं. कुटुंबाने जाताना दुसऱ्याकडे सोपवलेली बुटकी झाडंही १९६० च्या दशकात बागेत परत आली. हागिवारा कुटुंबाला मात्र इथे परत राहायला मिळालं नाही.

१९८८ मध्ये अमेरिकी सरकारने माफी मागितली आणि छावणीत राहिलेल्या हयात लोकांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले.

बागेत गेलात तर दोन गोष्टी नक्की बघा. एक, सखल भागातली 'संकन गार्डन'. हागिवारांचं घर इथेच होतं. दुसरी, कुटुंबाच्या सन्मानार्थ १९७४ मध्ये लावलेला ब्राँझचा फलक. तो घडवला रूथ असावा या शिल्पकार बाईंनी. त्या स्वतः किशोरवयात अशाच छावणीत राहिल्या होत्या.

पुलावर फोटोसाठी रांग असते. फलकापाशी थांबायला दोन मिनिटंही पुरतात.