नर्सबाईचं टार्गेट

माझी मावशी १९७२ ते २००९ अशी ३७ वर्षं परभणी जिल्ह्यात एएनएम होती. एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. सरकारी कागदावर तिची पुढे ‘आरोग्य सेविका’ झाली, गावात मात्र ती ‘नर्सबाई’च राहिली. तिच्याशी मी चार दुपारी बोलले. मोबाईलमध्ये सहा तासांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातला निम्मा वेळ ती शेजारणीशी आणि दूधवाल्याशी बोलतेय.

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की आपण निजाम, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ यांच्यापाशी थांबतो. त्यानंतरचं सगळं अनुशेषाच्या अहवालांत जातं. एखाद्या उपकेंद्राच्या खोलीत काय चाललं होतं, हे तिथं राहिलेल्या बाईलाच विचारावं लागतं.

दोन वर्षांचं ट्रेनिंग संपवून ती जिंतूर तालुक्यातल्या एका गावी रुजू झाली, तेच दुष्काळाचं वर्ष. रस्त्यांची, पाझर तलावांची कामं निघाली होती. माणसं खडी फोडत होती, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खात होती. उपकेंद्रात बसून पेशंट येईना, कारण गावात कुणी नव्हतंच. मग मावशीच कामावर जायची. “लिंबाला झोळी बांधलेली, त्यात लेकरू, अन् माय खडी फोडती. बाळंत होऊन आठ दिवस झाले नसायचे. मी म्हणायचे, बाई घरी बस. ती म्हणायची, घरी काय हाय?”

बाळंतपणं घरातच व्हायची, चिमणीच्या उजेडात. गावातली सुईण वयानं मावशीच्या आईएवढी. पहिले सहा महिने तिनं मावशीला एकाही घरी पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी मावशीनं एक तडजोड काढली. नाळ आपण कापायची, उकळलेल्या ब्लेडनं, स्वच्छ दोरा बांधून. मान मात्र सुईणीचा. साडी-चोळी, धान्य, बाराव्याचं जेवण सगळं तिचं. “मंग तीच रात्री कंदील घेऊन मला बोलवायला माणूस पाठवू लागली.” नवजात बाळांच्या धनुर्वाताचं मूळ त्या नाळेच्या पात्यातच असायचं, विळा असो की पत्र्याचा तुकडा. मला हा समझोता कुठल्याही आरोग्य परिषदेच्या ठरावापेक्षा मोठा वाटतो. मावशीला त्यात काही विशेष वाटत नाही.

लसीकरणाबद्दल ती भरभर बोलली. देवीच्या दुशिंगी सुया, काचेच्या सिरिंज उकळणं, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं जाणं. १९९५ला पल्स पोलिओ आला, तोवर ती ‘जुनी बाई’ झाली होती.

१९७६वर मात्र ती अडली.

एप्रिल १९७६मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. आणीबाणी चालू होती. महाराष्ट्रानं तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं; त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. ठरवलेलं उद्दिष्ट होतं ४३ लाख. दुपटीच्या जवळ गेलेला हा आकडा कुणीतरी दारोदार फिरून जमवला होता. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आणि नर्सबाई.

माझे काका, मावशीचे मिस्टर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. म्हणजे एका घरात दोन टार्गेटं. केसेस भरल्या नाहीत म्हणून दोघांचेही पगार अडवले. तीन महिने किराणा उधारीवर चालला.

मावशीकडे ‘पात्र जोडप्यां’चं रजिस्टर असायचं. गावातलं प्रत्येक जोडपं, बाईचं वय, जिवंत अपत्यं किती, शेवटचं मूल केव्हाचं. उपकेंद्राच्या गावातच राहत असल्यामुळे तिनं त्यात स्वतःची नोंदही स्वतःच्याच हातानं केली होती. दोन मुली. धाकटी दीड वर्षाची.

“एक दिवस ते शाळेतून आले अन् म्हणाले, माझं नाव लिही.”

मी विचारलं, केस कुणाच्या नावावर धरली?

“माझ्या. त्यांनी त्यांच्या दुसऱ्या आणल्या.” मग हसली. “मास्तरच्या केसेस जास्त भरायच्या. पोरांचे बाप ऐकायचे.”

दोन अपत्यांवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला तेव्हा १५० रुपये मिळायचे, तीन असतील तर १००, चार किंवा जास्त असतील तर ७०. काकांनी त्या दीडशेतून त्यांच्या आईला लुगडं घेतलं. आजीला पैसे कशाचे ते कळलं, तसं तिनं ते घडीही न मोडता मावशीच्या पेटीवर आणून ठेवलं. नातू होणार नाही याचा दोष तिनं मुलाला कधीच दिला नाही. “सून सरकारची हाय,” असं म्हणायची. माझ्या दोन्ही मावसबहिणी हे वाक्य ऐकत मोठ्या झाल्या. त्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मार्च १९७७मध्ये सरकार पडलं. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांवर आला. पुरुष टेबलाकडे फिरकेनात आणि कुठल्याच सरकारला त्यांना पुन्हा छेडायची हिंमत झाली नाही. टार्गेटं मात्र १९९६पर्यंत राहिली. ती बायकांवर पूर्ण झाली. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून, दुर्बिणीच्या कॅम्पांमधून. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नसबंदी झालेल्या बायका सुमारे ३८ टक्के आहेत आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आणीबाणीचा जुलूम पुरुषांवर झाला म्हणून तो राजकारणात लक्षात राहिला, त्यानंतरचा बायकांवर झाला आणि तो ‘कार्यक्रम’ ठरला, असं माझं मत आहे. मावशीला ते पटलं नाही. तिच्या मते कितीतरी बायका कॅम्पला आपणहून यायच्या, कधी सासूला न सांगता, आणि सहाव्या-सातव्या बाळंतपणात मेलेल्या बाया तिनं डोळ्यांनी बघितल्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील.

पगार अडवणाऱ्यांचा राग येत नाही का, असं मी चौथ्या दुपारी विचारलं.

“राग कुणाचा करू? मी पण लोकांच्या दारात जाऊन तेच करत होते ना.”

थोड्या वेळानं तिनं एका माणसाचं सांगितलं. अल्पभूधारक, एक मुलगा, एक मुलगी. कर्जाचं प्रकरण अडेल अशी कुणीतरी भीती घातली होती आणि मावशीनं ती खोडून काढली नाही. “मी गप बसले. माझी एक केस कमी होती.” १९७९च्या पावसाळ्यात त्याचा मुलगा विहिरीत पडून गेला. तो उपकेंद्रावर आला आणि ‘बाई, ते परत जोडता येतं का’ एवढंच विचारलं. मावशीनं त्याला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तो गेलाही. उपयोग झाला नाही. बदली होईपर्यंत मावशी त्याच्या घरावरून जायची वेळ आली की मारुतीच्या देवळामागून वळसा घालायची.

त्याचं नाव तिला अजून पाठ आहे, बायकोचं आणि मुलीचंही. ती तिन्ही नावं तिनं मला सांगितली आणि म्हणाली, काकांचं लिहायचं तर लिही, यांचं नको.