सिंधू खोटं का बोलली?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं की गडकऱ्यांवर बोललात, पण सुधाकर आणि तळीरामावरच थांबलात, सिंधूचं काय? खरं सांगायचं तर मी तिला मुद्दाम टाळलं होतं. का, ते शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले. वय अवघं ३३. जेमतेम महिन्याभरात, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. म्हणजे मराठी रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली शोकांतिका तिच्या लेखकाने रंगमंचावर पाहिलीच नाही. नाटकातली पदंसुद्धा त्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. चाली दिल्या सुंदराबाई जाधवांनी. आणि सिंधू झाले बालगंधर्व.

आता ही यादी जरा पुन्हा बघा. पतिव्रतेचे संवाद एका पुरुषाने लिहिले, पदं दुसऱ्याने, भूमिका तिसऱ्याने केली. सगळ्या व्यवहारात बाई एकच, आणि ती म्हणजे सुंदराबाई. ज्या गाणाऱ्या बायकांना तेव्हाचा घरंदाज समाज चार हात लांब ठेवायचा, त्यांच्यातली एक. सिंधूचं दुःख लोकांच्या कानात बसलं ते तिच्या चालींमुळे. मला हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

कथा बहुतेकांना माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. सुधाकर हुशार वकील, पण मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, काही काळ सनद जाते, आणि तो अपमान बुडवायला तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. तिथून घसरण. सिंधूचं माहेर श्रीमंत आहे, भाऊ पद्माकर मदतीला तयार आहे, रामलालसारखा मित्र आहे. तरी ती माहेरी जात नाही, दळणं दळून घर चालवते. शेवटी दारूच्या नशेत सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातं आणि सिंधूलाही जबर मार लागतो. फौजदार घरात येतो. आणि ती मरता मरता सांगते की नवऱ्याने काही केलं नाही, माझी मीच पडले.

शंभर वर्षं या एका वाक्यावर प्रेक्षक रडलेत. आपल्याला शाळेत 'सिंधूचे स्वभावचित्र' लिहायला सांगायचे तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं: सोशिक, त्यागमूर्ती, आर्य पतिव्रता. पाच मुद्दे, पाच मार्क. दुसऱ्या बाजूचं उत्तरही आता तितकंच ठरलेलं आहे: सिंधू म्हणजे पुरुषसत्तेने घडवलेली बाहुली, तिला स्वतःचं मन नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

कारण नाटक नीट वाचलं तर सिंधू निष्क्रिय अजिबात नाही. माहेरची मदत नाकारणं हा निर्णय आहे. जात्यावर बसणं हा निर्णय आहे. फौजदाराशी खोटं बोलणं तर फारच मोठा निर्णय. सुधाकर मात्र एकही निर्णय टिकवू शकत नाही. तो दारू सोडतो आणि पुन्हा धरतो. म्हणजे घरात इच्छाशक्ती असलेली व्यक्ती एकच आहे, आणि ती आपली सगळी ताकद एकाच कामाला लावते: नवऱ्याने केलेलं नुकसान बाहेर दिसू न देणं. आमच्या क्षेत्रात अशी सिस्टिम असते. आत चूक झालेली असते, पण एक भाग ती मुकाट्याने झेलत राहतो, म्हणून बाहेर सगळं हिरवं दिसतं. मग एके रात्री तोच भाग बंद पडतो आणि सगळंच कोसळतं.

गडकऱ्यांना हे दिसलं होतं का? मला वाटतं, दिसलं होतं. त्यांनी सिंधूच्या शेजारीच गीता उभी केली आहे. तळीरामाची बायको, फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. प्रेक्षक तिला हसतात. पण दारूड्याच्या घरात काय चालतं ते रोखठोक बोलणारी तीच आहे. लेखकाने खरं बोलणं विनोदी पात्राला दिलं आणि मौन नायिकेला.

आता कुणी म्हणेल, निघून जायचं ना. कुठे? हा प्रश्न १९१९ मध्ये ठेवून बघू. रखमाबाईंचा खटला आठवा. न नांदलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला, तर १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तो खटला मिटला तडजोडीने, नवऱ्याला पैसे देऊन. हिंदू बाईला वेगळं राहून पोटगी मागण्याचा स्वतंत्र कायदा आला १९४६ मध्ये. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ चा, देशभर १९५५ चा. घरातल्या मारहाणीला गुन्हा म्हणणारं ४९८अ कलम तर १९८३ चं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन, कर्व्यांची हिंगण्याची संस्था, हे आधार होते, पण दारूड्या नवऱ्याची बायको सहज जाऊन राहील अशी ती घरं नव्हती. सिंधूला माहेर होतं हे खरं. पण माहेरी परतलेल्या बाईचं काय होतं, हे समोर बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

म्हणून मला वाटतं, तिचं खोटं हे प्रेमातून आलं तसंच हिशोबातूनही आलं. मूल गेलंय, आपण जाणार आहोत, नवरा तुरुंगात जाऊन कुणाचं काय परत येणार? पण ते खोटं बोलूनही तिच्या हाती काहीच लागत नाही. नाटकाच्या शेवटी सुधाकर विष घालून शेवटचा पेला पितो. ज्याला वाचवायला ती खोटं बोलली तो वाचत नाहीच. गडकऱ्यांनी तिच्या त्यागाला बक्षीस दिलेलं नाही. 'पतिव्रतेच्या पुण्याईने नवरा सुधारला' असा शेवट त्या काळात सहज टाळ्या घेऊन गेला असता. त्यांनी तो लिहिला नाही. रडता रडता आपण हे विसरतो.

आता मी का टाळत होतो ते. मी नववीत असताना मावशीला घेऊन आई दवाखान्यात गेली, मी सोबत होतो. कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मावशी म्हणाली, जिन्यावरून पाय घसरला. मावशीचं घर तळमजल्यावर आहे. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं डॉक्टरांनाही कळलं असावं. कुणीच काही बोललं नाही. घरी आल्यावर आजी म्हणाली, "माझी लेक सिंधू आहे हो." ती हे कौतुकाने म्हणाली होती.

काका चार वर्षांपूर्वी गेले. मावशी आता बरी आहे, रोज सकाळी फिरायला जाते. मागच्या दिवाळीत मी तिला धीर करून त्या दिवसाबद्दल विचारलं. ती बराच वेळ चकलीचा सोऱ्या पुसत बसली. मग म्हणाली, "तुम्ही सगळे होतात की तिथे. एकानं जरी म्हटलं असतं ना, की खोटं बोलतेय ही, तर मी खरं सांगितलं असतं."

तेव्हापासून मला फौजदाराचा तो प्रवेश वेगळाच दिसतो. सिंधू खोटं का बोलली, हा प्रश्न आपण शंभर वर्षं विचारतोय. त्या खोलीत बाकीचे गप्प का राहिले, हा आपण विचारतच नाही. आणि खोलीत प्रेक्षकही धरायचे, बरं का.

पुढच्या भागात गीतेबद्दल बोलू. तोवर भेटू, काळजी घ्या.