सेक्टर 34 ची रांग

सकाळचे नऊ वाजलेत. तुम्ही चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये, प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयासमोरच्या रांगेत उभे आहात. आजूबाजूला नजर टाकाल तिथे पाट्या: आयेल्ट्स, स्टडी व्हिसा, कॅनडा. तुमच्या पुढे एक वयस्क सरदारजी. काखेतल्या प्लास्टिकच्या फायलीतून ते एक जुना, रद्द झालेला पासपोर्ट काढतात. त्याचा कोपरा कापलेला आहे. अंगठ्याने तो कोपरा चाचपत ते मागे वळतात आणि हिंदीत विचारतात, "पोराचा अर्ज आहे. समजा नाकारला, तर कारण लिहून देतात ना जी?"

उत्तर हवं असेल तर रांगेच्या शेपटाकडे चालू लागा. ते शेपूट 1967 मध्ये आहे.

पाट्या नाहीशा होतात, मोटारी विरळ होतात, इमारती मावळतात. एप्रिल महिना. चंदीगड केंद्रशासित होऊन जेमतेम पाच महिने झालेत. तुमच्या हातात अर्ज आहे, पण पासपोर्ट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाकारायचा, हे ठरवणारा कायदाच देशात नाही. सगळा कारभार सरकारच्या मर्जीचा. 10 एप्रिलला सर्वोच्च न्यायालय सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात निकाल देतं, तीन विरुद्ध दोन मतांनी: परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्यावाचून तो हिरावून घेता येणार नाही. विरोधी मत नोंदवणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती हिदायतुल्ला आहेत, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले. परराष्ट्रमंत्री आहेत एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. आधी अध्यादेश निघतो, मग संसदेत विधेयक येतं आणि 24 जूनला पासपोर्ट कायदा होतो. त्याचं पाचवं कलम बोट ठेवून वाचा. अर्ज नाकारताना थोडक्यात कारण नोंदवायचं आणि अर्जदाराने मागितलं, तर त्याची प्रत द्यायची. देशाची सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध असे मोजके अपवाद. 'मागितलं तर' हे शब्द लक्षात ठेवा.

रांग पुढे सरकते. जुलै 1977. मेनका गांधींना पत्र येतं: जनहितासाठी तुमचा पासपोर्ट जमा करा. त्या कारण मागतात, तर तेही जनहितासाठी सांगता येत नाही, असं उत्तर मिळतं. 25 जानेवारी 1978 ला सात न्यायमूर्तींचा निकाल लागतो. त्या सातांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड आहेत. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धतीही न्याय्य हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे त्या दिवशी कायमचं ठरतं.

आणखी काही पावलं. आता पायाखाली डांबर नाही, डुचमळणारी फळी आहे. डिसेंबर 1996, नाताळची रात्र, माल्टा आणि सिसिली यांच्यामधला समुद्र. 'योहान' नावाच्या जहाजावरून भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेची माणसं एका लहान बोटीत उतरवली जातायत. अंधारात तुमच्या कानांवर पंजाबी पडते. बोट बुडते. किमान 283 जण जातात. वाचलेले सांगत राहतात, पण यंत्रणांचा विश्वास बसत नाही. सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या पोर्तोपालो गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत मृतदेह येतात आणि ते पुन्हा पाण्यात सोडले जातात. जाळ्यात आलेल्या एका ओळखपत्रावरून माग काढत एक पत्रकार 2001 मध्ये बुडालेल्या बोटीपर्यंत पोचतो. साडेचार वर्षं पंजाबातल्या आयांना मुलगा हरवला म्हणायचं की गेला म्हणायचं, हेही कळत नव्हतं.

ऑक्टोबर 2022, स्ट्रासबर्ग. तुम्ही युरोपीय संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसला आहात. विषय आहे फ्रॉन्टेक्स, युरोपीय संघाची सीमा आणि किनारा रक्षक संस्था. एजियन समुद्रात आसरा मागायला आलेल्यांना मागे लोटलं जात असताना तिने काणाडोळा केला, असा ठपका आहे. संसदेच्या नागरी स्वातंत्र्य, न्याय आणि गृहविषयक समितीच्या खास गटाने 2021 मध्ये महिनोन् महिने कागदपत्रं तपासली. फ्रॉन्टेक्सचे संचालक फाब्रिस लेजेरी यांनी एप्रिल 2022 मध्ये पद सोडलं. आता खासदार संस्थेच्या 2020 च्या हिशेबाला मंजुरी नाकारतात. बुडालेला माणूस त्याने परत येत नाही. पण सीमेवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्यालाही कुणीतरी हिशेब विचारतं, एवढं पक्कं होतं.

5 फेब्रुवारी 2025, अमृतसर. अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या 104 भारतीयांना घेऊन उतरतं. यादी नीट वाचा. हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे सर्वाधिक, पण तिघे महाराष्ट्राचे आणि दोघे चंदीगडचे. प्रवासभर अनेकांच्या हातापायांत बेड्या होत्या. दुसऱ्या दिवशी संसदेत गदारोळ होतो. परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत सांगतात, की बेड्यांची ही पद्धत 2012 पासूनची आहे. सोबत परत पाठवलेल्यांचे 2009 पासूनचे वर्षवार आकडे देतात. म्हणजे वर्षानुवर्षं माणसं अशीच परत येत होती. सभागृह पेटलं ते विमान डोळ्यांना दिसल्यावर.

आणि लगेच पुढच्या महिन्यात, 11 मार्चला, परदेशातून आपल्याकडे येणाऱ्यांसाठीचं नवं विधेयक लोकसभेत मांडलं जातं. ते समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य होत नाही. 2 एप्रिलपर्यंत दोन्ही सभागृहांची मंजुरी. ज्या कायद्याने माणसाला दारात अडवता येतं, तो समितीत बसून ओळ न् ओळ वाचायला नको? आपला पोरगा परक्या दारात उभा असताना तिथल्या खासदारांनी प्रश्न विचारावा असं आपल्याला वाटतं. मग आपल्या दारात उभ्या असलेल्याचा प्रश्न आपल्या खासदारांनी विचारायला हवा.

रांग पुन्हा सेक्टर 34 ला येऊन टेकते. ऊन चढलंय. सरदारजी अजून तुमच्याकडे बघतायत, अंगठा कापलेल्या कोपऱ्यावर.

"देतात जी, लिहून देतात," तुम्ही सांगता. "पण मागावं लागतं."