जीप आणि तिचे मालक

जीप आज स्टेलान्टिस या वाहनसमूहात फियाट, प्यूजो, सित्रोएन यांच्या जोडीने नांदते. इथे पोचेपर्यंत तिने विलीज, कैसर, एएमसी, क्रायस्लर, डाइम्लर, फियाट असे अनेक मालक पाहिले. प्रत्येकाने तिच्या नावावर गाड्या विकल्या आणि प्रत्येकाने तिच्यात आपले इंजिन किंवा आपला सांगाडा घातला. जीप आतून बदलत गेली ती या देवघेवीतून.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने चारही चाकांना जोर असलेल्या हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांकडून निविदा मागवल्या. नमुना 49 दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बॅण्टम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्टकडून आराखडा करून घेतला आणि 23 सप्टेंबरला गाडी मुदतीत हजर केली. पण लष्कराला लागणारी संख्या तिच्या आवाक्याबाहेरची होती. ओहायोत टोलीडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीचे 60 अश्वशक्तीचे इंजिन सरस होते. मोठी ऑर्डर तिला मिळाली आणि तिच्या आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बॅण्टमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत. पहिली गाडी देणाऱ्या कंपनीवर हा अन्यायच झाला.

युद्धातली ही जीप किती विचारपूर्वक घडवली होती, हे तिच्या दिव्यांवरून कळते. पुढचा दिवा बिजागरीवर उलटा फिरवला की बॉनेटखाली थेट इंजिनावर उजेड पडे. रात्री रस्त्यात दुरुस्ती करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहत.

युद्धानंतर विलीजने 1945 मध्ये हीच गाडी सीजे-2ए या नावाने शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली आणि 1950 मध्ये ‘जीप’ हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. याच काळात महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. भारतात कित्येक वर्षे जीप म्हटले की महिंद्राचीच गाडी डोळ्यांसमोर येई. तिकडे 1953 मध्ये हेन्री कैसर यांनी विलीज विकत घेतली. दोनच वर्षांत त्यांच्या प्रवासी मोटारी अमेरिकेत बंद पडल्या, जीप मात्र खपत राहिली. 1963 मध्ये कंपनीनेच ‘कैसर जीप’ असे नाव घेतले.

1970 मध्ये जीप एएमसी (अमेरिकन मोटर्स) या कंपनीकडे आली. मालक आणि गाडी एकमेकांत मिसळणे म्हणजे काय, हे याच काळात सर्वांत स्पष्ट दिसते. एएमसीचे सहा सिलिंडरचे लांब इंजिन सीजे-5 मध्ये मावत नव्हते, म्हणून 1972 मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतले अंतरच तीन इंचांनी वाढवले गेले. देणे उलट दिशेनेही झाले: चार चाकांच्या जोराचे जीपचे ज्ञान वापरून एएमसीने 1980 च्या मॉडेलसाठी ‘ईगल’ ही प्रवासी मोटार काढली. पुढे फ्रान्सची रेनो कंपनी एएमसीत मोठी भागीदार झाली. 1983 मध्ये आलेल्या चेरोकीत वेगळी चेसिस नव्हती. बॉडी आणि सांगाडा एकसंध होते. त्यामुळे वजन घटले आणि शहरातल्या कुटुंबाला रोज वापरता येईल अशी जीप तयार झाली. जीपच्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय हाच म्हणायला हवा.

ली आयाकोका यांच्या क्रायस्लरने 1987 मध्ये एएमसी घेतली, ती मुख्यतः जीपसाठी. एएमसीच्या प्रवासी मोटारींसाठी काढलेला ‘ईगल’ हा ब्रँड 1998 पर्यंतच चालला. 1992 ची ग्रँड चेरोकी मात्र क्रायस्लरची कमाईची गाडी ठरली. सीजेची जागा घेणाऱ्या रँग्लरचे चौकोनी दिवे जीपप्रेमींना पसंत पडले नव्हते. 1996 मध्ये गोल दिवे परत आले. रँग्लरची वेगळी चेसिस आणि पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल ही रचना तेव्हाही टिकली आणि आजही कायम आहे.

बाकीच्या जीपना ही सवलत नव्हती. 1998 मध्ये क्रायस्लर डाइम्लर-बेन्झमध्ये विलीन झाली आणि त्या संसारातून 2010 च्या ग्रँड चेरोकीला मर्सिडीजच्या एम-क्लासबरोबर सामायिक असा सांगाडा मिळाला. तोवर डाइम्लर बाजूला झाली होती आणि 2009 च्या दिवाळखोरीनंतर क्रायस्लर फियाटच्या हाती आली होती. 2014 ची रेनेगेड फियाट 500एक्सची सख्खी बहीण. दोघी इटलीत मेल्फीच्या कारखान्यात तयार होत. पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटा मोटर्सचा संयुक्त कारखाना होताच, तिथे 2017 पासून कंपास बनू लागली आणि उजव्या स्टिअरिंगच्या देशांत निर्यात होऊ लागली. 2021 मध्ये स्टेलान्टिस उभी राहिली, तेव्हा जीप तिच्या चौदा ब्रँडपैकी एक झाली.

नाव, बाह्यरूप आणि यंत्र हे तीन वेगळे हक्क आहेत, हे महिंद्राच्या रॉक्सरवरून दिसले. भारतातून गेलेल्या सुट्या भागांपासून मिशिगनमध्ये जुळणी होणारी ही गाडी जुन्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार जीपच्या मालकांनी 2018 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. 2020 मध्ये आयोगाने तिच्या मूळ रूपावर बंदी घातली. महिंद्राने रॉक्सरचा दर्शनी भाग बदलला आणि त्या रूपाला आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोकळीक दिली.